काना गेला तो दिवस

सकाळी ताईचा फोन आला तेव्हा मी एका विद्यार्थिनीला चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायला शिकवत होतो. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवणं हा माझा धंदा. ताई म्हणाली, "असशील तिथून ये. यांचा काना गेलाय."

मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबून धरला. "कानही गेला? आवाज गेला तेवढं पुरे नव्हतं का?"

"कान नाही रे, काना! लॅपटॉपचा काना. दुपारी मीटिंग आहे आणि हे घरभर येरझाऱ्या घालताहेत. तू आधी ये."

आमच्या घरचं माहीत नसेल त्याला यातलं काही कळायचं नाही, म्हणून थोडं मागचं सांगतो.

दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. बाजारात त्यांना सगळे 'भोंगा' म्हणत, आणि त्यांनाही ते आवडायचं. मालाच्या रांगा लागलेल्या, मधून चिंचोळी वाट, त्या वाटेने दाजी उलटे चालत पुकारा करायचे आणि व्यापाऱ्यांचा घोळका त्यांच्या तोंडाकडे बघत पुढे सरकायचा. पाठीमागे डोळे असल्यासारखे चालायचे. कधी क्रेटला अडखळले नाहीत. घरी आले तरी तेच, जेवतानासुद्धा एक पाय टेबलाखाली चालूच. ताई म्हणायची, यांना बसवायचं असेल तर खुर्चीला चाकं लावावी लागतील.

मग घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठीबरोबर स्वरयंत्रही काढून टाकलं. दाजी वाचले. पण आता श्वास नाकाने नाही, गळ्याला पाडलेल्या भोकातून. त्यावर ताईने शिवलेला पातळ कापडाचा रुमाल. आणि आवाज म्हणाल तर कुजबुजीपुरतासुद्धा नाही.

दवाखान्यातून पाटी दिली होती. ती त्यांनी आठवड्याच्या आत माळ्यावर टाकली. पाटीवर लिहून दाखवलं की लोक वाचतात, चेहरा पाडतात आणि मग मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून उत्तर देतात. जणू दाजी मुके नसून बहिरे आहेत. गळ्याला लावून घुंई घुंई बोलायचं एक यंत्र मिळालं, तेही त्यांना पटलं नाही. शेवटी माझ्या भाचीने, म्हणजे त्यांच्या मुलीने, आपला जुना लॅपटॉप आणून दिला. त्यात लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवायची सोय केली. दाजी पन्नाशी उलटल्यावर दोन बोटांनी टाइप करायला शिकले, आणि असे शिकले की टेबल हलायचं. लिहायचं, एक बटण दाबायचं, की आतून एक सपाट पुरुषी आवाज बोलायचा. ताई त्याला 'भाडेकरू' म्हणायची. "आमचे हे काही म्हणत नाहीत हो, भाडेकरूच फार बडबडतो." त्या आवाजाला मात्र लोक साधं उत्तर द्यायचे. दाजींना तेवढंच हवं होतं.

आणि आता बाजाराच्या समितीने त्यांना बोलावलं होतं. पुकारा करणारी जुनी मंडळी एकेक करून घरी बसली होती, नव्यांना कुणीतरी शिकवायला हवं होतं. दाजींनी स्वतःच निरोप पाठवला होता की मी शिकवतो. समितीत कुणीतरी हसलं असणार. तरी बोलावणं आलं. दाजींनी भाषण लिहून लॅपटॉपमध्ये ठेवलं होतं. पण प्रश्न तर विचारणारच, आणि त्यांची उत्तरं तिथल्या तिथे टाइप करायला हवीत.

मी जिना चढून पोचतो तोच दार उघडलं. दाजी दारामागेच उभे होते. माझं मनगट धरून मला टेबलापर्यंत ओढत नेलं आणि टाइप केलं. भाडेकरू बोलला, "बघ कय झलं."

मला हसू फुटलं. ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "हस, हस. मी सकाळपासून हसतेय. उठल्या उठल्या म्हणे, चह दे. मला वाटलं भाडेकरूच्या तोंडात गुळणी आहे."

दाजींनी ताडताड टाइप केलं. "हसू नको." हे मात्र स्वच्छ उमटलं. त्यात काना नव्हता ना.

भानगड अशी होती की काना आणि आ, दोन्ही एकाच बटणावर. बटण मेलं आणि आवाजाचा 'वज' झाला, आजाराचा 'जर', आणि 'आता'चा नुसताच 'त'. मराठी माणसाला काना नसेल तर बोलायचं काय? आई नाही, बाबा नाही, आहे नाही, नाही तर मुळीच नाही.

"व्हायरस असेल," मी म्हणालो.

"मूर्ख," भाडेकरू म्हणाला. शिव्यांचं काही अडलं नव्हतं.

भाचीला फोन लावला. ती परगावी नोकरीला. तिचा आवाज स्पीकरवर येताच दाजी टेबलाभोवती फिरायचे थांबले, पण बोटं टेबलावर वाजतच होती.

"मामा, आधी बंद करून चालू केलात?"

केला होता. चारदा.

"बरं. आता भाषा बदला. इंग्रजी लावा आणि तेच बटण दाबा."

दाबलं. काही नाही. शेजारची बटणं ठणठणीत.

"म्हणजे मराठीचा दोष नाही, सेटिंगचाही नाही. बटणच बसलंय. खाली कचरा अडकला असेल. लॅपटॉप उलटा धरून हलक्या हाताने झटका. मऊ ब्रशने साफ करा. आणि बाबांना सांगा, उचकटायचं काही नाही. खाली नाजूक क्लिप असते."

हे ती सांगत होती तोवर बाबांनी नेलकटरचं टोक बटणाखाली घातलंसुद्धा होतं. टक् असा आवाज झाला. बटणाची टोपी उडाली, तिच्याबरोबर एक पांढरी क्लिप उडाली, आणि आम्ही तिघं मोठी माणसं गुडघ्यांवर रांगत कपाटाखाली हात घालू लागलो. टोपी सापडली. क्लिपचा अर्धाच तुकडा सापडला.

"काय झालं?" भाचीने विचारलं.

"काही नाही," ताई म्हणाली. "तुझे बाबा तुझं ऐकताहेत."

टोपीच्या जागी आता रबराची एवढीशी वाटी दिसत होती. दाजींनी पेन्सिलच्या मागच्या टोकाने ती दाबली. काहीच नाही. जोर लावून दाबली आणि टोक तसंच रेटून धरलं. पडद्यावर एका 'क'ला काने फुटायला लागले, एकापाठोपाठ एक, ओळभर. आणि ते वाचायला घेतलं तर भाडेकरूने असा काही सूर लावला की तो संपेचना. का-आ-आ-आ-आ. आवाज बारीक करायचं बटण कुठलं ते गडबडीत कुणालाच आठवेना. वरच्या मजल्यावरच्या मावशी धावत खाली आल्या. "कुणाला काही झालं का हो?"

"झालं ते बटणाला," ताई म्हणाली. "या, बसा."

त्या बसल्या नाहीत. दाजींकडे एकदा बघितलं आणि गेल्या.

मग भाचीने फोनवरून सांगत सांगत पडद्यावर उमटणारा कीबोर्ड उघडून घेतला. बाण नेऊन काना दाबायचा. चालत होतं. पण बाण नेमका कान्यावर थांबायला तयार नाही. पुढे जायचा, मागे यायचा, आणि दाजींचा जबडा आवळत जायचा. चार शब्दांचं वाक्य व्हायला इतका वेळ लागला की मी मध्येच पाणी पिऊन आलो. भाची म्हणाली, "बाबा, सावकाश केलं की जमेल." दाजींनी लॅपटॉप पुढे ढकलला आणि ताईकडे बघितलं. ताईला न बोललेलं कळतं. ती म्हणाली, "समोरचा माणूस प्रश्न विचारून तेवढा वेळ थांबत नाही गं. तो दुसऱ्याशी बोलायला लागतो."

मी माझ्या ऑफिसातून जादा कीबोर्ड उचलून आणला होता. त्याला जुन्या पद्धतीची गोल पिन. लॅपटॉपला सगळी भोकं चपटी. दाजींनी पिनेकडे बघितलं, मग माझ्याकडे. काही टाइप केलं नाही. ते जास्त लागलं.

"दुरुस्तीवालीकडे चला," ताई म्हणाली. ती कपडे बदलूनच आली. लाँड्रीत इस्त्रीच्या विभागात ती कामाला आहे. त्या दिवशी तिने रजा घेतली होती.

गाडीत दाजी मागे बसले, लॅपटॉप मांडीवर. प्रत्येक सिग्नलला माझ्या खांद्यावर दोन बोटं. लाल दिव्यावर मी काय करणार? तरी दोन बोटं. मागून भाडेकरू म्हणाला, "उशीर होतोय." थोड्या वेळाने, "लवकर चल." त्यांनी काना नसलेले शब्द शोधायला सुरुवात केली होती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

दुरुस्तीवालीचं दुकान एका इमारतीच्या तळघरात आहे, झेरॉक्सवाल्याच्या शेजारी. पायऱ्या उतरलं की उजेड पांढरा होतो. काउंटरवर काच, काचेखाली स्क्रू वेगवेगळ्या डब्यांत. चाळिशीची बाई, कपाळावर भिंग चढवलेलं. तिने आधी एक प्रोग्रॅम लावून सगळी बटणं एकेक दाबून बघितली. चालणारी हिरवी होत गेली. एकच काळं राहिलं.

"क्लिप कुणी तोडली?"

दाजींनी छतावरच्या ट्यूबकडे बघितलं.

तिने चिमट्याने रबराची वाटी उचलली, भिंग डोळ्यावर ओढलं आणि वाटीखाली निरखून बघितलं. दाजी काउंटरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन पावलं, परत तीन पावलं.

"यावर काय सांडतं?" तिने विचारलं.

"काही नाही," ताई म्हणाली. "चहासुद्धा लांब ठेवतात."

"एकदम सांडलेलं नाही. थोडं थोडं, रोजचं. शिंतोडे आहेत. वाळून पांढरे झालेत. हे बटण सगळ्यात जास्त वापरलेलं, सैल झालंय, म्हणून इथे ओल आत गेली. खालची पट्टी गंजलीय."

हे कसले शिंतोडे, मला कळेना. पण दाजी थांबले. जागच्या जागी, सरळ. त्यांचा हात गळ्यावरच्या रुमालाकडे गेला.

त्यांना खोकला येतो तो तोंडातून नाही येत. गळ्यातून येतो, समोर, जोरात. आणि टाइप करताना ते वाकून बसतात.

दाजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्यांनी लॅपटॉप मिटायला हात पुढे केला, तसा दुरुस्तीवालीने तो सहज आपल्याकडे ओढून घेतला.

"एकांनी पाव खाऊन खाऊन बटणाखाली चुरा साठवला होता, मुंग्यांनी घर केलं होतं," ती म्हणाली. "हे काहीच नाही. पुसून देते. पण पट्टी गेली ती गेली. कीबोर्ड नवा मागवावा लागेल. आजचा आज नाही व्हायचा."

ताई हळूच म्हणाली, "मी रोज सकाळी पुसते ना पडदा. वरून बटणंही पुसते. आतलं कसं पुसणार?"

दाजींनी तिच्याकडे बघितलं. ती रोज पुसते हे त्यांना माहीत नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ती त्यांच्याआधी उठायची. त्यांना वाटायचं पडदा आपोआप स्वच्छ राहतो.

दुरुस्तीवालीने एक तोडगा काढला. वरच्या डाव्या कोपऱ्यात एक बटण होतं, ज्याचा मराठी लिहिताना दाजींना काडीचा उपयोग नव्हता. तिने काना त्या बटणावर नेऊन बसवला. "इथे दाबा. काना येईल. दोन दिवस असं चालवा."

दाजींनी दाबलं. काना आला. मग त्यांनी वाक्य लिहायला घेतलं, आणि बोट सवयीने जुन्या जागी, उघड्या भोकावर गेलं. परत लिहिलं, परत तिथेच. दोन बोटांनी मेहनतीने शिकलेला माणूस. त्या बोटांना बाकीचं जग ठाऊक नव्हतं.

"होईल सवय," मी म्हणालो.

"कधी?" भाडेकरू म्हणाला.

समितीचं ऑफिस बाजाराच्या वरच्या मजल्यावर. खाली दुपारची झाडलोट चालली होती, ओल्या फरशीवर पाल्याचा वास. मी आणि ताई भिंतीजवळच्या बाकावर बसलो. लांब टेबलामागे समितीची माणसं, मधोमध अध्यक्षबाई. त्यांचा स्वतःचा कांद्याबटाट्याचा मोठा व्यवहार. कोपऱ्यात नवी पुकारेवालीही बसली होती. तिशीतली, आधी वजनकाट्यावर असलेली बाई. तिला नुकतंच पुकाऱ्याचं काम दिलं होतं आणि व्यापारी तिला जुमानत नव्हते, असं ऐकून होतो.

दाजींनी लॅपटॉप टेबलावर ठेवला, बसले नाहीत, आणि भाषण चालू केलं.

खरं सांगतो, भाषण वाईट होतं. मी किती वर्षं पुकारा केला, कुठल्या साली केवढा माल उठवला, कुणी पाठ थोपटली. दाजी स्वतः बोलले असते तर लोकांनी टाळ्या दिल्या असत्या. भाडेकरूच्या सपाट तोंडून ते रेल्वेच्या सूचनेसारखं वाटायला लागलं. एकाने मोबाईल काढला. अध्यक्षबाईंनी हात वर केला. "थांबवा जरा. तुमचं काम आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. प्रश्न एकच आहे, राग मानू नका. आवाज नसताना तुम्ही पुकारा शिकवणार कसा?"

दाजींनी भाषण बंद केलं. वाकले. टाइप करायला लागले, आणि घाई झाली.

भाडेकरू म्हणाला, "मल वज नही, पण कन हेत."

एक क्षण कुणाला काही कळलं नाही. मग मोबाईलवाल्याला हसू आवरेना, आणि हसू पसरलं. अध्यक्षबाईसुद्धा ओठ दाबून खाली बघायला लागल्या. ताईने माझा दंड एवढा आवळला की दुसऱ्या दिवशी वळ दिसला. मी उठून 'बटण बिघडलंय हो' असं सांगणार, तेवढ्यात तिनेच मला खाली ओढलं.

दाजींनी लॅपटॉपचं झाकण अर्धं मिटलं. दाराकडे बघितलं. मी त्यांना ओळखतो; जिथे मनाविरुद्ध झालं तिथून ते सरळ चालायला लागतात. लग्नांतून उठून गेलेत, भांडणांतून उठून गेलेत. ते दोन पावलं दाराकडे गेलेसुद्धा. मग वळले. टेबलाच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत गेले, परत आले, झाकण उघडलं, आणि या वेळी एकेक बटण बघून दाबलं.

"हसलेत? ठीक. बोलणे सोपे. ऐकणे कठीण. मी ऐकतो."

खोलीत हसू थांबलं. दाजींनी कोपऱ्यातल्या पुकारेवालीकडे बोट दाखवलं.

"ती येऊ दे. इथे."

तिने अध्यक्षबाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. ती पुढे येऊन उभी राहिली, पदराचं टोक मुठीत.

"बोल."

"काय बोलू?"

दाजींनी टेबलावरच्या पाण्याच्या बाटल्या ओढून एका रांगेत लावल्या. हा माल. तिला कळलं. तिने पुकारा सुरू केला. आवाज तिचा चांगला होता, खणखणीत, पण सुरुवात जोरात आणि शेवट गिळलेला. भावाचा आकडा वाक्याच्या शेवटी येतो, आणि तोच ऐकू येत नव्हता. दाजींनी तळहात वर केला. थांब.

"दम घे. मग बोल."

ती परत सुरू झाली. या वेळी दाजी तिच्यासमोर उभे राहिले, तोंडाने नाही तर हाताने बोलत. तळहात वर, श्वास घे. तळहात आडवा, धरून ठेव. टेबलावर दोन बोटांची टकटक, पुढचा आकडा. ती शेवटचा शब्द गिळायला लागली की टक् असा जोरात ठोका. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा आकडा भिंतीवर आपटून परत आला.

"डोळे बघ," भाडेकरू म्हणाला.

"कुणाचे?"

दाजी समितीच्या माणसांमागून चालत गेले. मोबाईलवाल्याच्या मागे उभं राहून त्यांनी स्वतःची भुवई किंचित उचलली. ही बोली. पुढच्याच्या मागे जाऊन हनुवटी इंचभर खाली. हीही बोली. तिसऱ्याच्या मागे त्यांनी खिशातलं पेन काढून परत ठेवलं आणि मान हलवली; हा माणूस निघाला, याच्या नादी लागू नको. पुकारेवाली बघता बघता हसली. ती पुकारत राहिली आणि दाजी घोळक्याचा एकेक माणूस होत गेले, न थांबता, टेबलाभोवती फिरत. आता फिरणं शोभत होतं.

अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं. "बस करा, नाही तर माझं पाणी कुणीतरी विकत घेईल." लोक परत हसले, पण वेगळं. "बाई, तुम्हाला काय वाटतं?"

पुकारेवाली म्हणाली, "मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं की मी शेवट गिळते. नुसतं 'मोठ्याने, मोठ्याने' म्हणतात."

"शिकेल का ही, भोंगा?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

इतक्या दिवसांत त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. दाजींनी टाइप केलं. "ती शिकेल. मी शिकवेन."

"ठरलं असं मी म्हणत नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "समितीत बोलू. तोवर सकाळी येत जा, बघू कसं जमतं."

जिना उतरताना मी विचारलं, "दाजी, हे 'बघू' म्हणजे हो की नाही?" त्यांनी खांदे उडवले आणि दोन पायऱ्या एकदम उतरले. ताई मागे राहिली होती. ती जिन्याच्या वळणावर उभी राहून डोळे पुसत होती, आणि मला म्हणाली, "धूळ किती आहे इथे."

नवा कीबोर्ड दोन दिवसांत नाही, आठवड्याने आला. दुरुस्तीवालीने त्यावर एक पारदर्शक रबरी चादर बसवून दिली, धुऊन परत लावता येईल अशी. ती धुवायचं काम दाजी स्वतः करतात. पहिल्याच सकाळी ताई उठली तर हे मोरीपाशी उभे, चादर झटकताहेत. तिने काही विचारलं नाही. गळ्यावरचे रुमाल तिने आता थोडे जाड शिवलेत.

बाजारात मात्र सगळं गोड झालं असं नाही. समितीने अजूनही लेखी काही दिलेलं नाही. काही व्यापाऱ्यांना भाडेकरूच्या आवाजाची चीड येते. पुकारेवालीशी तर दाजींचं रोज वाजतं. "काका, माझ्या मागेमागे असे फिरू नका, मला चक्कर येते," ती म्हणते. दाजी लॅपटॉप एका हातावर तोलून दुसऱ्या हाताने उत्तर देतात, आता कान्यासकट, त्यामुळे उत्तरं परत लांबलचक झाली आहेत. मधल्या त्या आठवड्यात ते जेवढं थोडक्यात बोलले तेवढं जन्मात बोलले नसतील. ताईला तो आठवडा आवडला होता. तसं ती त्यांना सांगत नाही.

परवा मी त्यांना बाजारात सोडायला गेलो आणि जरा थांबलो. टोमॅटोची रांग होती. पुकारेवाली उलटी चालत होती, श्वास घेऊन, आकडा पूर्ण फेकत. दाजी घोळक्याच्या कडेने, तिच्यापासून दहा पावलांवर. एका व्यापाऱ्याने हनुवटी हलवली. तिने पाहिलं नाही असं दाजींना वाटलं, त्यांनी हात वर केला, क्रेटवर टकटक केली, पाय आपटला. तिने त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. ती आणखी क्षणभर थांबली, दुसऱ्या एकाची भुवई वर गेली, आणि तिने माल त्याच्या नावावर केला. भाव त्या हनुवटीवाल्यापेक्षा चढा होता.

दाजी तिथेच उभे राहिले. छाती वरखाली होत होती, रुमाल हलत होता. त्यांनी लॅपटॉप उघडला, काहीतरी लिहायला बोट उचललं, आणि पाहतात तो घोळका पुढच्या रांगेला पोचलासुद्धा होता. त्यांनी झाकण मिटलं, लॅपटॉप काखेत मारला आणि क्रेटांमधून वाट काढत तिच्यामागे धावले.